रात्रपाळी मागून घे

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. हॉटेलात वर्ष होत आलं तरी चादरीच बदलतोय, बरोबरचा एक जण गोव्याला गेला, दुसरा दुबईचे कागद जमवतोय, मग मीही जाऊ का, असा एकूण सूर. जायचं तर जा, अडवणारा मी कोण? पण त्याआधी एक कर. मॅनेजरकडे जाऊन रात्रपाळी मागून घे. फ्रंट ऑफिसची, म्हणजे रिसेप्शनची, नाइट ऑडिटला मदतनीस म्हणून.

हसू नकोस. रात्रपाळी कुणालाच नको असते, म्हणून तर मागणाऱ्याला ती मिळते. आणि हॉटेल हा काय धंदा आहे ते दिवसा कळत नाही. दिवसा नुसत्या बॅगा आणि घंट्या. मध्यरात्रीनंतर दिवसभराचा हिशोब जुळवतात, तेच नाइट ऑडिट. रेस्टॉरंटचं केओटी (किचनला गेलेली ऑर्डरची चिठ्ठी) आणि बिल जुळतंय का, प्रत्येक खोलीचं भाडं तिच्या फोलिओवर, म्हणजे पाहुण्याच्या खात्यावर, चढलंय का, टॅक्स बरोबर लागलाय का (भाडं रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर १८), रोख किती, कार्डावर किती, कंपन्यांच्या नावे उधार किती. मग सिस्टीमची तारीख बदलायची आणि सकाळी मालकाच्या टेबलावर जाणारा रिपोर्ट काढायचा. तो वाचायला शीक.

समज, ४० खोल्यांचं हॉटेल. २८ खोल्या गेल्या, भाडं जमलं ७०,०००. म्हणजे ऑक्युपन्सी ७० टक्के, सरासरी दर २,५००. पण मालकाच्या डोक्यात रिकाम्या १२ खोल्याही असतात, म्हणून तो ७०,००० ला ४० नं भागतो. आले १,७५०. याला रेव्हपार म्हणतात. आता दर २,००० वर आणून ३४ खोल्या भरल्या तर? जमा ६८,०००. हॉटेल भरल्यासारखं दिसतं, पैसे मात्र कमी, आणि वर सहा खोल्यांची जादा धुलाई, साबण, नाश्ता, गिझरचं बिल. हा हिशोब ज्याला उभ्या उभ्या तोंडी करता येतो, तो फार दिवस रूम बॉय राहत नाही. नम्रपणा, हसरा चेहरा, टापटीप हे सगळं हवंच, पण त्यावर माणूस कॅप्टन किंवा सुपरवायझरपर्यंत पोचतो. तिथून पुढं आकडे नेतात.

चादरींचं कामही फुकट गेलं असं समजू नको. एका पलंगामागे निदान तीन सेट लागतात: एक अंथरलेला, एक धुलाईत, एक कपाटात. आपल्या बेळगावच्या पावसात जूनपासून काही वाळत नाही, तेव्हा माझ्या मते तीनही पुरत नाहीत. तुमच्याकडे किती आहेत, डाग पडलेले किती, फाटलेले किती, हे कुणी न सांगता मोज आणि हाऊसकीपिंगच्या साहेबांना लिहून दे. कुठल्या खोलीचा एसी गळतो, कुठल्या बाथरूमला गरम पाणी यायला दहा मिनिटं लागतात, हे तुला ठाऊक असतं. रिसेप्शनवाल्याला नसतं, म्हणून तो नेमकी तीच खोली सगळ्यात चिडक्या पाहुण्याला देतो.

आता गोव्याचं. तिथं सीझन आणि ऑफ सीझन, पाहुणा बहुतेक एकाच जातीचा, सुट्टीवर आलेला. आपल्याकडे वर्षात काय काय येतं बघ. हलग्याला सुवर्ण विधानसौध २०१२ साली झालं, तिथं हिवाळी अधिवेशन भरलं की अधिकारी, वार्ताहर, ड्रायव्हर सगळे एकदम. खोल्या भरतात, पण सरकारी बिलाचे पैसे सावकाश येतात, तोवर दूधवाल्याला काय द्यायचं हे मॅनेजरला बघावं लागतं. केएलई हॉस्पिटलात पेशंट असला की नातेवाईक दोन दिवस म्हणून येतात आणि आठवडाभर राहतात. त्यांना पहाटे गरम पाणी आणि बिनतिखटाचं जेवण पाहिजे, बाकी काही नको. मराठा लाइट इन्फंट्रीची परेड बघायला खेड्यातनं नव्या जवानांचे आईवडील येतात, त्यातले कितीतरी जन्मात पहिल्यांदा लॉजवर उतरलेले. शिवाय व्हीटीयूची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाची, कामं, सौंदत्तीची यात्रा, पावसात गोव्याकडचा चोर्ला घाटाचा रस्ता अडला की अवेळी येणाऱ्या गाड्या.

आणि लग्नसराई! पत्रिकेवर अक्षता १२ वाजून ३५ मिनिटांनी, पडतात सव्वाला, आणि पडल्या की अख्खा हॉल एकदम जेवायला उठतो. भात १२ ला उतरवला तर गार, १ ला चढवला तर कच्चा. यजमान गॅरंटी देतो ४०० ताटांची, येतात ५०० च्या घरात, मग बिलाच्या वेळी वाद. शहाणा बँक्वेटवाला ताटं मोजायला यजमानाचाच एक माणूस शेजारी उभा करतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवतील असं मला वाटत नाही. म्हणून म्हणतो, एक अख्खं वर्षचक्र इथं काढ, मग जा.

कॉलेजवरून आठवलं. गोव्यात पर्वरीला सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, बारावीनंतर तीन वर्षांची पदवी होते, परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर निदान एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, फोस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घे. दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर हवा, असं त्यांचं सांगणं आहे. हातात ते सर्टिफिकेट असलं की किचनचं दार तुला उघडं.

भाषेचं थोडं कडक बोलतो. पाहुणा ज्या भाषेत विचारेल, त्या भाषेत उत्तर द्यायचं. सीमाप्रश्नावर काय वाटतं ते गल्लीच्या कट्ट्यावर बोल, काउंटरवर नको. आणि कन्नड नुसतं बोलून भागणार नाही, वाचता आलं पाहिजे. महापालिकेची नोटीस, पोलिसांचं पत्र, लेबर ऑफिसचा कागद, सगळं कन्नडमधनं येतं. जो मॅनेजर ते कागद दुसऱ्याकडनं वाचून घेतो, त्याच्या खुर्चीवर खरा बसलेला असतो तो दुसराच. खानापूरच्या शाळेत घोकलेली बाराखडी विसरली असशील तर परत काढ.

दुबईवाल्या दोस्ताला सांग, एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते बघूनच पैसे दे.

मॅनेजरनं रात्रपाळीला नाही म्हटलं तर हट्ट धरू नको. नाइट ऑडिटवाला सुट्टीवर गेला की चार दिवस त्याच्या जागी बसतो, म्हण. गणपतीत तो सुट्टी मागणारच. तुझा गणपती यंदा हुकेल, त्याला इलाज नाही. आईला मी सांगतो.

तुझा,
काका