सूत्रकृमीतल्या एखाद्या जनुकाचं काम ठरवतात कसं, आणि डाळिंबाच्या निमॅटोडशी त्याचा काय संबंध?

प्रश्न: सोलापुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. सेमिनारला सूत्रकृमीतल्या (म्हणजे निमॅटोडमधल्या) जनुकांचं कार्य आणि ट्रान्सक्रिप्शन नियंत्रणाचं जाळं हा विषय मिळालाय. एखादं जनुक नेमकं काय करतं हे कसं कळतं? आणि आमच्या सांगोल्याकडच्या डाळिंबातल्या निमॅटोडला याचा काही उपयोग आहे का?

उत्तर: विषय फार चांगला मिळालाय. मी इथेच कॉलेजात हा भाग शिकवतो. बरीच मुलं हे जनुक स्पर्शाचं, ते अंड्यांचं, ते आयुष्य वाढवणारं अशी यादी पाठ करून येतात. तुम्ही तसं करू नका. जनुकाचं काम विचारायचं तर कुठल्या पेशीत, कधी आणि कुणाच्या ताब्यात, हेही त्याच दमात विचारावं लागतं. कुठलं जनुक कुणाला चालू-बंद करतं, हे जाळं लक्षात आलं की अर्धा सेमिनार झालाच.

प्राण्याची ओळख थोडक्यात उरका. प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा सूत्रकृमी सी. एलिगन्स, लांबी सुमारे १ मिलिमीटर, अंगातून आरपार दिसणारा. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक (प्रजननपेशी सोडून शरीराच्या) पेशी, त्यातल्या ३०२ मज्जापेशी. अंड्यापासून प्रौढापर्यंत प्रत्येक पेशी कुठून आली याची वंशावळ जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८३पर्यंत पूर्ण केली. १९९८मध्ये जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झाला, बहुपेशीय प्राण्यांत सर्वांत पहिला. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००. आगरच्या प्लेटवर ई. कोलाय खाऊन २० अंश सेल्सिअसला तो साधारण तीन दिवसांत वाढतो. २५च्या वर गेलात की पिल्लं कमी व्हायला लागतात. त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात थंड करणाऱ्या इन्क्यूबेटरशिवाय तो पाळणं शक्य नाही.

आता मुख्य उदाहरण. एकच घ्या, पण खोलात जाऊन सांगा: स्पर्श.

भुवईचा एक केस टूथपिकच्या टोकाला चिकटवतात आणि भिंगाखाली बघत कृमीच्या डोक्यामागे अलगद फिरवतात. धडधाकट कृमी लगेच मागे सरकतो. शेपटीकडे लावला तर पुढे पळतो. मार्टिन चाल्फी आणि सल्स्टन यांनी याच चाचणीने केस लागूनही न हलणारे कृमी वेचून काढले. हा हलका स्पर्श फक्त सहा मज्जापेशी ओळखतात. न हलणाऱ्या कृमींत वेगवेगळी जनुकं बिघडलेली निघाली, आणि खरी मजा इथे आहे. युएनसी-८६ बिघडलं तर त्या सहा पेशी तयारच होत नाहीत. मेक-३ बिघडलं तर पेशी जन्मतात, पण स्पर्शपेशी बनत नाहीत. मेक-४ बिघडलं तर पेशी जागेवर असतात, दिसायलाही ठीक असतात. फक्त दाब पडल्यावर उघडणारं आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं विद्युतभारित कणांचं दार, नसतं. लक्षण तिन्हीकडे एकच: कृमी हलत नाही. बाहेरून पाहून जनुकाचं काम ठरवायला गेलात तर तिघांनाही ‘स्पर्शाचं जनुक’ म्हणून मोकळे व्हाल.

यातली पहिली दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बनवतात, म्हणजे इतर जनुकांच्या नियंत्रक भागावर बसून त्यांना चालू-बंद करणारी प्रथिनं. युएनसी-८६ आधी मेक-३ चालू करतं. मग दोन्ही प्रथिनं जोडीने मेक-३च्याच नियंत्रक भागावर बसतात आणि ते चालू ठेवतात. हीच जोडी मेक-४ आणि स्पर्शपेशीचं आणखी एक जनुक मेक-७ यांनाही चालू करते. पेशीची ओळख एकदा ठरली की टिकते ती या फेऱ्यामुळे.

पण डोक्यात एफएलपी नावाच्या दोन मज्जापेशी आहेत. त्यांच्यात युएनसी-८६ आहे, मेक-३ही आहे, तरी स्पर्शाची जनुकं बंद. कारण तिथे ईजीएल-४४ आणि ईजीएल-४६ या दोन जनुकांची प्रथिनं ब्रेक लावून बसलेली असतात. त्यातलं एक जरी बिघडवलं तरी एफएलपीत स्पर्शपेशीची जनुकं चालू होतात. ही दोन्ही जनुकं मुळात अंडी नीट न घालणाऱ्या कृमींत सापडली आणि नावही त्यावरूनच (एग-लेइंग) पडलं! वहीत एका जनुकासमोर एकच काम लिहायची सवय इथे मोडते.

पद्धतींपैकी आरएनएआय (आरएनए इंटरफिअरन्स) नक्की घ्या. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८मध्ये दाखवलं की दुपदरी आरएनए दिला की त्याच्याशी जुळणारं जनुक गप्प होतं. पुढे हा आरएनए बनवणारे जिवाणूच खाऊ घालता येऊ लागले, आणि २००३मध्ये सुमारे ८६ टक्के जनुकं अशी एकेक करून तपासली गेली. दिसण्याजोगा परिणाम मिळाला १,७२२ जनुकांत. बाकीची निरुपयोगी आहेत असा अर्थ काढू नका. एकाच्या जागी दुसरं जनुक काम भागवतं, शिवाय खाण्यातून दिलेला आरएनए मज्जापेशींत नीट चालत नाही. प्रथिन डीएनएवर कुठे बसतं हे चिप-सेक नावाच्या पद्धतीने कळतं. मात्र बसलं म्हणजे नियंत्रण केलंच असं नाही. तुमच्या जाळ्याच्या आकृतीत प्रत्येक बाण कशाच्या पुराव्यावर काढलाय ते बाजूला लिहा. मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

आता डाळिंब. मुळांवर गाठी आणणारी मेलॉयडोगायने इन्कॉग्निटा ही वेगळी सूत्रकृमी. ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, आगरवर पाळता येत नाही, म्हणून असले प्रयोग तिच्यावर अवघड. तिचा जीनोम २००८मध्ये आला. त्यातल्या बऱ्याच जनुकांच्या कामाचा पहिला अंदाज एलिगन्सवरून बांधतात. पण पिल्लू झाडाच्या मुळात शिरून ज्यांनी तिथल्या पेशी फुगवतं ती स्रावाची प्रथिनं एलिगन्समध्ये शोधून उपयोग नाही, कारण तो परजीवीच नाही. २००६मध्ये अशाच एका स्रावाच्या जनुकाविरुद्धचा दुपदरी आरएनए अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या रोपातच तयार करवला, तेव्हा गाठी बऱ्याच कमी झाल्या. तुमच्या प्रश्नाचा सर्वांत थेट दुवा हा प्रयोग आहे.

राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे. सेमिनारआधी एकदा जाऊन गाठी आलेलं मूळ भिंगाखाली बघायला मिळतं का विचारा, आणि सांगोल्याच्या बागेतलं मूळ भोवतीच्या ओल्या मातीसकट पिशवीत बांधून सोबत न्या.