या आठवड्याच्या तोरा वाचनातून (वायेरा) चर्चेसाठी विचार करायला लावणारे प्रश्न कोणते?

वायेरा म्हणजे तोरामधल्या (यहुदी धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं) उत्पत्ती या पुस्तकाचे १८ ते २२ अध्याय, आणि माझ्या मते आठवड्यागणिक वाचल्या जाणाऱ्या वर्षभराच्या ५४ भागांमधला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच.

मी तर एकाच प्रश्नावर अख्खी चर्चा घेईन. सदोम शहर नष्ट होणार म्हटल्यावर यहुद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम देवाशी सरळ वाद घालतो, ५० नीतिमान माणसं असली तर वाचवशील का, ४५ असली तर, असं करत करत १० पर्यंत खाली आणतो, आणि तेही बहुतेक ओळख ना पाळख अशा लोकांसाठी. मग चारच अध्यायांनंतर देव अब्राहामच्याच मुलाचं, इसहाकचं बलिदान मागतो तेव्हा हाच माणूस एक शब्दही न बोलता पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. का? परक्यांसाठी भांडणं सोपं असतं का?

मग पुढचं बघा, वाटेत इसहाक विचारतो की विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठाय. त्याला कधी कळलं असेल? बलिदान शेवटच्या क्षणी थांबवलं जातं, पण परत येताना मजकुरात फक्त अब्राहामच परतल्याचं लिहिलंय, इसहाकचं नावच नाही. आणि यानंतर तोरामध्ये देव अब्राहामशी पुन्हा थेट बोलत नाही, हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटाच आला.

इसहाकच्या आईला, सारालाही विसरू नका, तिला कुणी विचारलं का? पुढच्या आठवड्याचं वाचन तिच्या मृत्यूनेच सुरू होतं, आणि भाष्यकार राशी या दोन घटना जोडतात.