पोट नाही, मांड्या जाड आहेत. मग खुब्याच्या ऑपरेशनला धोका कमी का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वजन ७६ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, सगळा भार नितंबांवर आणि मांड्यांवर. घरचे म्हणतात, पोट सुटलेलं नाही ना, मग काळजी कसली.

साखरेपुरतं घरच्यांचं बरोबर आहे. पोटाच्या आतली चरबी मधुमेहाकडे जास्त नेते आणि साखर वाढलेली असली की नवा सांधा बसवल्यावर जंतुसंसर्गाची भीती वाढते. जखमेचं गणित मात्र वेगळं. मागून किंवा बाजूने चीर देतात तेव्हा डॉक्टरांना आईंच्या त्याच जाड थरातून हाडापर्यंत पोचावं लागतं. वेळ जास्त लागतो, कडा जोर लावून ओढून धराव्या लागतात. चरबीला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथली जखम सावकाश भरते, आत पाणी साठतं. पुढून चीर दिली तर उलटं: लोंबतं पोट जांघेतल्या जखमेवर येतं, घाम साचतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, यातलं काहीच सांगत नाही. आईंचा ३२च्या आसपास येतो, तेवढाच एखाद्या पोट सुटलेल्या माणसाचाही येईल.

माझ्या आईचं ऑपरेशन इथे बडोद्यातच झालं. बांधा तुमच्या आईंसारखाच. "थोडं वजन उतरवा" एवढंच सांगितलं होतं. चातुर्मास होता, मी तिला महिनाभर फळं आणि ताकावर ठेवलं. चार किलो उतरले. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशीही टाक्यांतून पाणी येत होतं, आणि तपासलं तर रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे जखम भरायला लागणारं प्रथिन, कमी. सगळं त्यामुळेच झालं असं नाही, पण भर मी घातली. दांडिया बाजारातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ड्रेसिंगसाठी दर वेळी तिला खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती डोळे मिटून घ्यायची. संसर्ग झाला नाही, हे नशीब.

तेव्हा डॉक्टरांना विचारा: चीर कुठून देणार, तिथे चरबीचा थर किती आहे (एक्स-रेवरूनही अंदाज येतो), आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) किती असायला हवी. वजन उतरवायचं तर आहारतज्ज्ञाला विचारून. डाळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, हे ताटातून काढू नका. घरी आल्यावर ड्रेसिंग ओलं दिसलं तर हळद किंवा पावडर लावू नका, त्याच दिवशी दाखवा.