खेकडे न खाणारा क्रॅबईटर

प्रश्न: अंटार्क्टिकातल्या क्रॅबईटर सीलला तिथे बर्फात एवढे खेकडे मिळतात तरी कुठे?

उत्तर: अहो मिळतच नाहीत, नावच चुकीचं पडलंय त्याचं! त्याच्या खाण्यात ९० टक्क्यांहून जास्त क्रिल असतं, म्हणजे आपल्या कोलंबीसारखे दिसणारे, जेमतेम बोटाएवढे जीव. खरी गंमत दातांत आहे, प्रत्येक दाढेला कंगोरे असतात आणि वरचे-खालचे दात मिटले की चक्क गाळणी तयार होते, मग काय, तोंडात पाणी ओढायचं, दातांतून बाहेर सोडायचं, क्रिल आत. जेवण बहुतेक रात्री, कारण तेव्हा क्रिल वर येतं. लेपर्ड सीलही क्रिल गाळून खातो, पण त्याला पेंग्विनही चालतात आणि क्रॅबईटरची पिल्लंसुद्धा! म्हणून तर बऱ्याच मोठ्या क्रॅबईटरच्या अंगावर जुने लांबलचक व्रण दिसतात.