ताई, सात बँड पुरतील का?

ब्रिटनला नर्स म्हणून यायची तयारी करताना तू विचारलंस, ‘आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सात बँड आले, रायटिंगला साडेसहा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला हवं तेवढं झालं. आता तिथं वॉर्डात बोलायला एवढं पुरेल ना ताई?’

कागदाला पुरेल. वॉर्डात पहिले काही महिने नाही पुरणार, आणि त्यात तुझी काही चूक नाही. आपल्याला शाळेपासून व्हॉमिट, टॉलरेट, पोस्टपोन असले भारदस्त शब्द शिकवले. इथला म्हातारा पेशंट यातलं एकही बोलत नाही. पुट, गेट, कम, गो यांना अप, ऑफ, आउट अशी शेपटं लावतो आणि तेवढ्यात सगळं भागवतो.

मी लीड्सला आले तेव्हा ओळख करून देताना वॉर्डच्या सिस्टरला ऐटीत सांगितलं, ‘आय पास्ड आउट इन 2011.’ तिचा चेहराच उतरला. म्हणाली, ‘आता बरी आहेस ना?’ इथं पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं! आपण म्हणतो त्याला क्वालिफाइड म्हणायचं. त्याच ‘पास’ला अवे जोडलं की माणूस गेला, वॉटर जोडलं की लघवी झाली. पास ऑन म्हणजे निरोप पुढं देणं, पण कधीकधी माणूस गेला असंही. हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देताना, यात गोंधळ झाला तर काय होईल बघ. शंका आली की सरळ विचारायचं, लाजायचं नाही.

दुसरी फजिती नाइट ड्यूटीची. एक आजी म्हणाल्या, ‘माय बॅक इज प्लेइंग अप अगेन.’ मी प्रेमानं विचारलं, ‘काय खेळत होतात?’ पाठ पुन्हा त्रास द्यायला लागली, एवढंच त्यांचं म्हणणं. शेजारच्या बेडवरचीसुद्धा हसली.

तुझ्या कामाचे आणखी काही सांगते. कम राउंड म्हणजे शुद्धीवर येणं, पण शेजारीण म्हणाली तर घरी ये. पेशंट ‘आय ब्रॉट इट अप’ म्हणाला तर उलटी झाली. डॉक्टर ‘आय विल ब्रिंग इट अप’ म्हणाले तर ते विषय काढणार आहेत. दूध ऑफ म्हणजे नासलं, नर्स ऑफ म्हणजे सुट्टीवर, आजोबा ऑफ हिज फूड म्हणजे अन्नावरची वासना गेली. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणणाऱ्या आजीला पर्स आणून देऊ नकोस, बाथरूमला ने. पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दारात एक पेनीचं नाणं टाकावं लागायचं, त्यावरून आलंय ते.

घाबरलीस? अगं, आपलं ‘लागणं’ बघ की. भूक लागते, धाप लागते, ठेच लागते, फोन लागतो, एसटीत बसलं की गाडी लागते. केरळच्या नर्सला हे समजावून बघ एकदा. आणि सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलला तू पूर्व भागातल्या तेलुगू आज्यांशी, अक्कलकोटकडच्या कानडी पेशंटशी बोलतेसच ना? ते कुठल्या पुस्तकातून शिकलीस? कॉटशेजारी उभं राहून कानानं उचललंस. हेही तसंच. ‘गेट’चे चाळीस अर्थ पाठ करत बसू नकोस. खिशात छोटी डायरी ठेव, अख्खं वाक्य लिही, कोण कशावरून बोललं तेही. नुसता शब्द लिहिलास तर महिन्यानं काही आठवणार नाही.

बोलताना जोर बहुतेक वेळा शेपटावर येतो, आपण तो शेपटाआधीच्या शब्दावर देतो. आणि पुढं ढकलण्याला ‘पुट इट ऑफ’ म्हणायचं, ‘पुट ऑफ इट’ नाही. पण सहन करण्याला ‘पुट अप विथ इट’ चालतं. का, ते मलाही कुणी नीट सांगितलं नाही, कानाला सवय झाली. नोंदी मात्र साध्या, स्पष्ट शब्दांत लिही. तिथं तुझं व्हॉमिट उपयोगी पडेल.

एक राहिलंच. इथं यॉर्कशरमध्ये कुणी टीला, म्हणजे संध्याकाळच्या जेवणाला, बोलावलं तर उपाशी जा. मी चहाच समजून शेंगाचटणी-भाकरी पोटभर खाऊन गेले, आणि बोलावणारीनं पुढ्यात पाय (सारण भरून भाजलेला पदार्थ), मॅश म्हणजे कुस्करलेला बटाटा, मटार असं भरलेलं ताट ठेवलं. सगळं संपवावं लागलं.