जोखमीचा आकडा हाती घेण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. बायपोलर आजारातल्या, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या मनोविकारातल्या, आत्महत्येच्या वर्तनामागची जनुकीय जोखीम मेंदूच्या रचनेत उमटते का, हा विषय तू पक्का केलास, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र आराखड्यापेक्षा पत्राच्या शेवटच्या चार ओळींनी मला जास्त थांबवलं. स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाच्या बहिणीनं विचारलं, "हे आमच्या रक्तातच आहे का? माझ्या मुलांनाही होईल?" आणि तुला काय बोलावं ते सुचेना. आधी त्याबद्दलच लिहिते. त्या बाईंना खरं आणि समजेल असं उत्तर देता आलं, तर प्रबंधातले निष्कर्षही तू जपून लिहिशील.

आत्महत्येच्या वर्तनात आनुवंशिकतेचा वाटा आहे, यात शंका नाही. १९७०च्या दशकात डेन्मार्कमध्ये दत्तक मुलांच्या नोंदींवर काम झालं. दत्तक गेलेल्या ज्या व्यक्तींचा मृत्यू पुढे आत्महत्येनं झाला, त्यांच्या जन्मदात्या कुटुंबांत आत्महत्येचं प्रमाण जास्त आढळलं, वाढवणाऱ्या कुटुंबांत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून हा आनुवंशिक वाटा साधारण ३० ते ५५ टक्के निघतो. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घे. हा वारसा मनोविकाराच्या वारशाशी जोडलेला असला, तरी पूर्ण तोच नाही. मनःस्थितीचे विकार असलेल्या पालकांच्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास २०१५मध्ये आला. ज्या पालकांनी स्वतः आत्महत्येचा प्रयत्न केला होता, त्यांच्या मुलांमध्ये प्रयत्नाची शक्यता जवळपास पाचपट होती, आणि मुलांचा स्वतःचा मनोविकार हिशेबात धरूनही संबंध उरत होता. तुझ्या प्रकल्पाला अर्थ आहे तो यामुळेच. नाहीतर बायपोलरची जोखीम मोजली की काम संपलं असतं.

आता रेणूंच्या पातळीवर ये. इथे माझा सल्ला थोडा कडक वाटेल. एकेका लाडक्या जनुकाच्या मागे धावू नकोस. सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघत राहिले. २०१९मध्ये नैराश्याशी जोडली गेलेली अशी १८ प्रसिद्ध जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली, तेव्हा ती इतर कुठल्याही जनुकांपेक्षा वेगळी ठरली नाहीत. खरं चित्र विखुरलेलं आहे: हजारो ठिकाणचे बारीक बारीक फरक, प्रत्येकाचा परिणाम नगण्य. २०२२मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या २९,७८२ व्यक्तींचा जो मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात लोकसंख्येत सर्रास आढळणाऱ्या जनुकीय फरकांनी उलगडणारा वाटा ७ टक्क्यांच्या जवळपास निघाला. सातव्या गुणसूत्रावरची एक जागा मात्र मनोविकारांचा प्रभाव बाजूला काढल्यावरही टिकली. पुढच्याच वर्षी आणखी मोठ्या नमुन्यात अशा १२ जागा सापडल्या. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण या सगळ्यांची बेरीज करून जो पॉलिजेनिक स्कोअर, म्हणजे जनुकीय जोखमीचा एकच आकडा, तयार होतो, तो गटांच्या सरासरीतला फरक दाखवतो. समोर बसलेल्या एका माणसाबद्दल त्यावरून काही ठरवण्याइतकी ताकद त्यात नाही. शिवाय हे स्कोअर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बांधले आहेत. तुझ्या नमुन्यात इतर वंशांचे लोक असतील तर ते आणखी दुबळे पडतील, आणि हे तुला पद्धतीच्या प्रकरणातच लिहावं लागेल, शेवटच्या 'मर्यादा' परिच्छेदात दडवून चालणार नाही.

म्हणून त्या बाईंना असं सांग: आजाराकडे झुकण्याचा काही भाग घराण्यातून येतो, हे खरं. बायपोलर असलेल्या माणसाच्या सख्ख्या नातेवाइकांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना तो होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही, आणि भाचरं तर त्याहून एक पायरी लांब आहेत. ज्यांना तो होतो, त्यांच्यातही साधारण एक-तृतीयांश लोक आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न करतात, बाकीचे करत नाहीत. मुलांमध्ये झोप उडणं, दीर्घकाळची उदासी, अचानक चढलेला विलक्षण उत्साह दिसला तर लवकर डॉक्टरांकडे न्या, एवढं ठाऊक असणं त्यांच्या उपयोगाचं आहे. आणि ही गोष्ट जरूर सांग: भावाच्या आजारात घरातल्या कुणाचा दोष नाही. असे प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात हे ओझं बहुतेक वेळा असतंच, ते बोलून दाखवत नाहीत इतकंच.

मेंदूच्या चित्रांविषयी मला जास्त काळजी आहे, कारण चित्र दिसलं की माणूस पटकन विश्वास ठेवतो. अनेक देशांतल्या गटांनी स्कॅन एकत्र करून केलेल्या एनिग्मा प्रकल्पात, २०१६मध्ये, बायपोलर गटाचे हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस हे मेंदूच्या आतले भाग सरासरीनं किंचित लहान आणि मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या किंचित मोठ्या आढळल्या. २०१८मध्ये त्याच प्रकल्पात मेंदूच्या बाहेरच्या थराची, कॉर्टेक्सची, जाडी कपाळामागच्या, कानशिलाजवळच्या आणि माथ्याकडच्या भागांत कमी दिसली. त्यातला सर्वांत ठळक फरकसुद्धा प्रमाणित विचलनाच्या, म्हणजे माणसामाणसांत एरवीही असणाऱ्या फरकाच्या मापाच्या, तीन-दशांशाइतकाच होता. दोन्ही गटांचे आलेख काढ, ते बहुतांशी एकमेकांवर बसतील. हे झालं आजाराबद्दल. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल २०२१मध्ये १८,९२५ व्यक्तींचे स्कॅन तपासले गेले, त्यात थॅलॅमससारख्या काही भागांत फरक मिळाले खरे, पण तेही अगदी थोडे. तुझ्याकडे दीडशे स्कॅन असतील आणि त्यातून मोठा, चकाकता परिणाम निघाला, तर आनंदाआधी शंका येऊ दे. मेंदूची रचना आणि वर्तन यांचे भरवशाचे संबंध सापडायला हजारो माणसं लागतात, हे २०२२मध्ये फार नीट दाखवून दिलं गेलं आहे.

तुझ्या आराखड्यात मला खरोखर खटकलं ते तुलनेचे गट. तू प्रयत्न केलेले बायपोलर रुग्ण एका बाजूला आणि निरोगी माणसं दुसऱ्या बाजूला ठेवली आहेस. त्यातून जो फरक निघेल तो बहुतेक आजाराचाच असेल. मधला गट हवाच: आजार आहे, पण प्रयत्न नाही. त्या गटाचं वय बघ, कारण बावीस वर्षांच्या मुलानं आजवर प्रयत्न केला नाही एवढंच आपल्याला कळतं. मरण्याचा हेतू असलेली कृती, हेतू नसताना केलेली स्वतःला इजा आणि नुसते विचार, हे तिन्ही एका रकान्यात टाकू नकोस. आत्महत्येचे विचार आणि कृती वेगवेगळ्या नोंदवणाऱ्या कोलंबिया मोजपट्टीसारखं साधन घेऊन समोरासमोर मुलाखत घे. हेही मनात असू दे की स्कॅनरमध्ये येतात ते वाचलेले लोक. ज्यांना आपण गमावलं, ते या माहितीत नाहीत.

लिथियम या बायपोलरवरच्या औषधाचा प्रश्न इतका गुंतागुंतीचा आहे की त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. १९४९मध्ये जॉन केड यांनी मॅनियावर, म्हणजे अतिउत्साहाच्या झटक्यावर, त्याचा गुण दाखवला. २०१३मध्ये ४८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या कमी दिसल्या. २०२२मधल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत मात्र चालू उपचारांत लिथियमची भर घालून फायदा दिसला नाही. तुझ्यासाठी अडचण अशी की लिथियम घेणाऱ्यांचा कॉर्टेक्स सरासरीनं जाड दिसतो, आणि धोका जास्त वाटतो त्या रुग्णाला डॉक्टर लिथियम देण्याची शक्यताही जास्त. औषध, धोका आणि जाडी यांचा असा गुंता झाल्यावर फक्त स्कोअरचा परिणाम वेगळा काढणं सोपं नाही. औषधांची नोंद तारखांसह ठेव. स्कॅनच्या वेळी डोकं हललं तर कॉर्टेक्स पातळ मोजला जातो, आणि अस्वस्थ माणूस जास्त हलतो. ती मोजणीही जोड.

आणि एकदाच केलेल्या स्कॅनवरून 'जनुक, मग मेंदू, मग वर्तन' असा बाण काढू नकोस. नैराश्याचे आणि मॅनियाचे झटके, दारू, वर्षानुवर्षं बिघडलेली झोप या सगळ्यांचे ठसे मेंदूवर उमटू शकतात. दिसणारा फरक आधीपासूनचा की नंतरचा, ते त्या एका चित्रात लिहिलेलं नसतं. निरोगी भावंडांचे स्कॅन मिळाले तर या प्रश्नाला थोडी तरी वाट सापडेल. त्या बाईंची तयारी असेल तर त्यांनाच विचार, पण उत्तर देऊन झाल्यावर, आणि 'नाही' म्हणायला पुरेशी जागा ठेवून.

आता ज्याची आराखड्यात एकही ओळ नाही, ते. मुलाखतीत एखादा सहभागी म्हणेल की हे विचार आत्ताही येतात. थेट विचारल्यानं हे विचार डोक्यात शिरतात ही भीती सोडून दे. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही, उलट विचारल्यावर अनेकांना हायसं वाटतं. योजना आहे का, साधन हाताशी आहे का, आज रात्री सोबत कोण असेल, हे विचार. त्याच्याबरोबर बसून सुरक्षितता-योजना कागदावर लिही: धोक्याची चिन्हं कोणती, फोन कुणाला करायचा, कुठली वस्तू घरातून हलवायची. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, तेव्हा अशा सहभागींची विचारपूस करण्याची जबाबदारी एका ठरलेल्या माणसाकडे दे. त्याचा स्कोअर किती आला, हे त्या क्षणी तुला माहीत असण्याची काहीच गरज नाही.

पहिल्या मुलाखतीआधी मला दोन कागद पाठव: गटांच्या व्याख्या, आणि रात्री-अपरात्री कुणाला बोलवायचं त्या मनोविकारतज्ज्ञांची यादी. दुसरा कागद आला नाही तर मी मुलाखती सुरू करायला हो म्हणणार नाही.

तुझी,
मॅडम