मिसिसागा हे टोरंटोचे उपनगर आहे की स्वतंत्र शहर? त्याचा जुना इतिहास काय?

कारभाराच्या दृष्टीने मिसिसागा हे स्वतंत्र शहर आहे. टोरंटोच्या पश्चिमेला, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी वसलेल्या या शहराची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 7,17,961 भरली, आणि टोरंटोचा म्हणून ओळखला जाणारा पिअरसन विमानतळही बहुतांशी याच्याच हद्दीत येतो. मी येथे राहतो, पण जुन्या पेठेभोवती वाढत गेलेले शहर येथे शोधू नये. कुक्सव्हिल, क्लार्कसन, मॉल्टन यांसारखी विखुरलेली गावे 1968 मध्ये एका नावाखाली आली आणि 1974 मध्ये पोर्ट क्रेडिट व स्ट्रीट्सव्हिल सामील होऊन त्यांचे शहर झाले. आज मध्यवर्ती मानला जाणारा स्क्वेअर वन मॉल 1973 मध्ये उघडला, तेव्हा त्याच्या आसपास शेते होती.

जुना इतिहास मात्र क्रेडिट नदीच्या काठी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिच्या उथळ पात्रात मोठाले सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध अंग झोकून वर चढताना दिसतात. ते दृश्य चुकवू नये. फ्रेंच व्यापारी येथील मूळ रहिवाशांना माल उधारीवर देत आणि पुढच्या वसंतात फरच्या कातड्यांनी ती उधारी फिटत असे, त्यावरून नदीला हे नाव पडले. हे रहिवासी म्हणजे अनिशिनाबे या आदिवासी समूहापैकी मिसिसागा लोक. 1805 साली नदीच्या मुखाशी झालेल्या कराराने त्यांच्याकडून सरोवरकाठची सुमारे 70,784 एकर जमीन ब्रिटिशांकडे गेली, ती 1000 पौंडांना. नदीतील मासेमारी आणि दोन्ही तीरांवरची एकेक मैलाची पट्टी त्यांनी स्वतःसाठी राखली होती. परंतु 1820 च्या करारांनंतर त्यांच्याकडे जेमतेम 200 एकर उरले.

त्या तुकड्यावर 1826 मध्ये ओंडक्यांच्या घरांचे एक गाव उभे राहिले. त्याचे पुढारी पीटर जोन्स यांची आई मिसिसागा होती आणि वडील सरकारी भूमापक. म्हणजे एकाच घरात जमीन मोजणारे आणि जमीन गमावणारे असे दोघेही होते. गावाने शेती केली, शाळा चालवली, तरी राहत्या जमिनीची पक्की सनद काही मिळाली नाही. गोऱ्या वसाहतवाल्यांचा वेढा वाढत गेला आणि 1847 मध्ये सिक्स नेशन्स या दुसऱ्या आदिवासी संघाने देऊ केलेल्या, हॅगर्सव्हिल गावाजवळच्या जमिनीवर त्यांनी स्थलांतर केले. तेथे त्यांचे वंशज आजही स्वतःला ‘क्रेडिटचे मिसिसागा’ म्हणवतात. नदीकाठच्या त्यांच्या गावाच्या जागी आता गोल्फ क्लब आहे.